अस्मिताची बढती आणि चार पुरुषांची समिती

श्रीनिवास रिसबूड यांनी सदतीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि एवढ्या काळात एकदाही कोणाकडे बढती मागितली नाही. मागायची वेळच आली नाही. सरकारात बढती ही केस पिकण्यासारखी असते. त्यासाठी काही करावं लागत नाही, नुसतं टिकून राहावं लागतं. ज्येष्ठता यादीतली वरची माणसं निवृत्त होत गेली, एकदोघं देवाघरी गेली, आणि रिसबूड कनिष्ठ लिपिकाचे अधीक्षक झाले. त्यामुळे बढती कशी मागावी या विषयावर त्यांचा अधिकार मोठा होता. पुण्यात माणूस मोकळेपणानं बोलतो तो ज्या विषयाचा अनुभव नाही त्याच विषयावर. अनुभव आला की मतं आकसतात.

सुरुवात झाली ती मार्चमधल्या एका रविवारी, दुपारच्या आमटीभातावर. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये पाच माणसं राहतात. श्रीनिवासराव स्वतः. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई, बँकेतून निवृत्त, बोलणं मोजकं आणि बहुतेक टोचणारं. मुलगा आमोद, जो घरून काम करतो, म्हणजे घरात दिसतो पण कामाला मिळत नाही. सून अस्मिता, हडपसरच्या एका आयटी कंपनीत. आणि दुसरीतली नात स्वराली.

"गुरुवारी मी गंधारशी बोलणार आहे," अस्मिता म्हणाली. "प्रमोशनचं."

गंधार हा अस्मिताचा मॅनेजर. काही वर्षांपूर्वी तो कॉलेजातून नुकताच सुटून आला तेव्हा अस्मितानंच त्याला काम शिकवलं होतं. कॉफीचं मशिन कुठे आहे तेही तिनंच दाखवलं होतं. आता तो तिच्या वर होता. अस्मिता टीम लीडचं सगळं काम करत होती. फक्त टीम लीडचं पद आणि पगार तिच्याकडे नव्हता. दरवर्षी विषय निघाला की गंधार हसून म्हणे, "नेक्स्ट सायकल, नक्की." पहिल्या वर्षी श्रीनिवासरावांना वाटलं होतं की कंपनी सायकल देणार आहे, आणि त्यांनी पार्किंगमध्ये जागासुद्धा बघून ठेवली होती.

"हं. नीट बोल. चिडू नकोस," आमोद फोनमधून मान वर न काढता म्हणाला. पती म्हणून जे करण्यासारखं होतं ते त्यानं केलं.

श्रीनिवासरावांनी मात्र हातातला घास खाली ठेवला. "अस्मिता, तू अजिबात काळजी करू नकोस. मी आहे."

"बाबा, मी बघते ना."

'मी बघते ना' याचा मराठी घरातला अर्थ 'आपण यात पडू नका' असा होतो. श्रीनिवासरावांनी तो 'पोर भिडस्त आहे, तोंड उघडून मदत मागत नाही' असा लावला.

"अहो, आमटी घ्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांच्याही म्हणण्याचा अर्थ तोच होता. श्रीनिवासरावांनी आमटी घेतली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्जाचा मसुदा तयार केला. 'विषय : पदोन्नती मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपले आस्थापनेवर दीर्घकाळ कार्यरत असून...' अस्मितानं तो उभ्याउभ्या वाचला.

"बाबा, आमच्याकडे अर्ज नसतो."

"मग रेकॉर्डवर कसं यायचं?"

"येत नाही. तीच तर अडचण आहे."

हे ऐकून श्रीनिवासराव हादरले. ज्या कचेरीत अर्ज नाही, आवक नाही, जावक नाही, तिथे माणसं आपल्या हक्काचं मागतात तरी कशी? हा प्रश्न एकट्या अस्मिताचा राहिला नव्हता, समस्त नोकरदार स्त्रीवर्गाचा झाला होता. आणि समस्त वर्गाचा प्रश्न झाला की समिती नेमावी लागते.

सकाळी फिरून आल्यावर सोसायटीच्या फाटकाशी जो कट्टा आहे, तिथे समिती जन्माला आली. पहिले सदस्य ज्ञानदेव काळभोर. मूळचे लोणी काळभोरचे. मुलानं फ्लॅट घेतला म्हणून इथे आले, पण मनानं अजून बांधावरच उभे.

"अर्जानं काय व्हतंय, साहेब?" ज्ञानदेव म्हणाले. "आमच्याकडं तलाठ्याकडून उतारा पायजे असला तर काय करत्यात म्हाईत हाय का? त्याच्या दारात जाऊन बसायचं. बोलायचं न्हाई, भांडायचं न्हाई. नुसतं बसायचं. दुपारच्याला त्यालाच कसंतरी व्हतंय."

दुसरे सदस्य उत्तरेश्वर कुदळे, सोसायटीचे सेक्रेटरी. धाराशिवकडून पुण्यात येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्यांनी नियम करण्याची कला मूळच्या पुणेकरांपेक्षाही जास्त आत्मसात केली होती. लिफ्टमध्ये त्यांच्या सहीच्या इतक्या सूचना होत्या की त्या वाचेपर्यंत आपला मजला निघून जाई.

"बाईमाणसानं पगार मागताना एक पथ्य पाळावं," उत्तरेश्वर म्हणाले. "मागतोय असं वाटता कामा नये. आमच्या मिसेस बघा. लग्नापासून एकदासुद्धा काही मागितलं नाही."

"मग मिळालं का त्यांना?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"नाही ना. पण घरात वातावरण किती चांगलं आहे!"

तिसरे श्रीनिवासराव स्वतः. चौथा सदस्य म्हणून आमोदला घेतलं, कारण समितीत तरुण पिढी असावी. तो म्हणाला, मला मीटिंग आहे. श्रीनिवासराव म्हणाले, हीपण मीटिंगच आहे. तो येऊन बसला. 'महिला पदोन्नती साहाय्य समिती' असं नाव ठरलं.

"चौघंही पुरुषच?" मंदाकिनीबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं. "एखादी बाई नको का समितीत?"

"बायकांना यात कशाला ओढायचं?" श्रीनिवासराव कळवळून म्हणाले. "आधीच त्यांच्यामागे कामं काय कमी आहेत?" आणि चहा टाकायला सांगून ते कार्यक्रमपत्रिका करायला बसले.

समितीचा पहिला ठराव असा, की गुरुवारच्या आधी, बुधवारी संध्याकाळी, अस्मिताची सराव मुलाखत घ्यावी. जागा : सोसायटीचं कार्यालय. आता हे कार्यालय उत्तरेश्वरांच्याच ताब्यात, किल्ली त्यांच्याच कमरेला, आणि ते स्वतःच समितीचे सदस्य. तरीसुद्धा त्यांनी सदस्य श्रीनिवास रिसबूड यांच्याकडून रीतसर अर्ज मागवला. अर्ज आला तेव्हा पंचाईत झाली. नियमावलीत कार्यालय द्यायची कारणं ठरलेली होती : सभा, योगवर्ग, वाढदिवस. सभेला सात दिवसांची नोटीस लागते. योगवर्ग सकाळीच घेता येतो.

"मग वाढदिवसात घाला," श्रीनिवासराव म्हणाले.

"घालतो. पण खोटं नको व्हायला," उत्तरेश्वर म्हणाले, आणि वाढदिवसाच्या भाड्याची पावती फाडली. पावती गेली वॉचमनकडे. वॉचमन कर्तव्यदक्ष निघाला.

बुधवारी संध्याकाळी अस्मिता हडपसरहून दीड तास गर्दीतून स्कूटर हाकत आली, तर फाटकातच वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुम्हाला ऑफिसात बोलावलंय." ती हेल्मेट हातात घेऊन आत गेली. भिंतीवर 'हॅपी बर्थडे' अशी झगमगीत अक्षरं. दोन्ही कोपऱ्यांत फुगे. त्याखाली टेबलामागे चार पुरुष गंभीर चेहऱ्यानं बसलेले, त्यांतला एक तिचा नवरा. टेबलासमोर प्लॅस्टिकची एकच खुर्ची.

"बसा," श्रीनिवासराव म्हणाले. सुनेला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. निःपक्षपातीपणा तो निःपक्षपातीपणा.

अस्मितानं आमोदकडे पाहिलं. आमोदनं फुग्याकडे पाहिलं.

ती इतकी दमली होती की वाद घालण्यापेक्षा बसणं सोपं होतं. ती बसली. श्रीनिवासरावांनी पहिला प्रश्न टाकला, "बढती तुम्हालाच का द्यावी?" अस्मितानं सांगितलं. डिसेंबरमध्ये मोठा क्लायंट सोडून चालला होता, त्याला तिनं कसं थांबवलं. नव्या मुलांना ती कशी तयार करते. काय काय तिच्या एकटीच्या अंगावर असतं. ती चांगलं बोलली. गुरुवारी जे बोलायचं ते तिच्या मनात पक्कं होतं.

"'मी, मी' फार येतंय," उत्तरेश्वर म्हणाले. "'आम्ही' म्हणा."

तिनं 'आम्ही' म्हणून पुन्हा सांगितलं.

"आता नेमकं केलं कोणी ते कळत नाही," श्रीनिवासराव म्हणाले.

ती जरा ठासून बोलली, तर उत्तरेश्वरांना चढेल वाटली. आवाज खाली आणला, तर आत्मविश्वास कमी पडला. हसून बोलली, तर गांभीर्य नाही. हसू आवरलं, तर ज्ञानदेव काळजीनं म्हणाले, "पोरी, रागावलीस व्हय? पानी दिऊ का?" त्यांनी खरंच पाणी दिलं. मुलाखत मंडळाकडून झालेली ती एकमेव उपयुक्त गोष्ट.

"तुमची मुलगी लहान आहे," उत्तरेश्वरांनी पुढचा प्रश्न काढला. "जबाबदारी वाढली आणि उद्या तिला ताप आला, तर?"

"तिचे बाबा तुमच्या शेजारीच बसलेत. त्यांना विचारा."

"अगं, मी पॅनलवर आहे," आमोद दबक्या आवाजात म्हणाला. "मला मध्ये घेऊ नकोस."

तिला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगून मंडळानं विचारविनिमय केला. उत्तरेश्वर म्हणाले, उमेदवार हुशार आहे पण सूर जमत नाही. ज्ञानदेव म्हणाले, पोरगी गुनाची हाय, पर लई दमलेली दिसती, तिच्या डोक्यावर आनिक वजन कशाला? आमोद तटस्थ राहिला. श्रीनिवासरावांना सगळ्यांचंच पटलं. त्यांनी अस्मिताला आत बोलावलं आणि अधीक्षकाच्या जुन्या आवाजात निकाल वाचला, "उमेदवार गुणी आहे. तथापि, यंदा घाई न करता पुढील वर्षी विचार व्हावा."

वाचून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. आपण जमलोय कशासाठी हे त्यानंतर क्षणभरानं आठवलं.

"बाबा," अस्मिता हेल्मेट उचलत म्हणाली, "हे सगळं मला ऑफिसातच मिळतं. तिथे एसीसुद्धा असतो." आणि जाताना स्वरालीसाठी दोन फुगे काढून घेऊन गेली. ज्याचं भाडं भरलंय ते वाया कशाला घालवायचं, हा पुणेरी संस्कार तिनं लग्नानंतर उचललेला होता.

त्या रात्री श्रीनिवासरावांना झोप लागली नाही. सरावात सून नापास झाली म्हणजे प्रत्यक्षात कठीणच. मागे उभं राहणारं कोणीतरी हवं. सकाळी अस्मिता निघून गेल्यावर बघतात तर तिचा डबा ओट्यावर. म्हणजे ती डबा विसरली असं म्हणता येईल. तो तिच्या पिशवीतून काढून ओट्यावर कोणी ठेवला, हा प्रश्न वेगळा.

"मी जरा डबा देऊन येतो," ते मंदाकिनीबाईंना म्हणाले.

"हडपसरला?"

"उपाशी राहील पोर."

"तिथे कँटीन आहे."

"बाहेरचं खाऊन पोट बिघडतं," असं म्हणून ते चपला घालून बाहेरसुद्धा पडले. कट्ट्यावर ज्ञानदेव होते. हडपसर म्हटल्यावर तेही उठले, कारण ती त्यांच्या गावाकडची वाट. स्वारगेटला बस बदलून दोघं कंपनीच्या फाटकाशी पोचले तेव्हा ऊन तापलं होतं.

फाटकावर एक टॅब होता आणि टॅबमागे सिक्युरिटीचा तरुण गडी. कोणाला भेटायचंय ते सांगा, आधार दाखवा, मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा. श्रीनिवासरावांचा ओटीपी आला तो त्यांनी सांगितला नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये, असं बँकेनं त्यांना दहा वेळा कळवलं होतं, आणि घरात बँकेचं माणूस होतं. यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी ज्ञानदेवांनी तो फोन हातात घेऊन मोठ्यानं वाचून दाखवला.

"कशासाठी आलाय, काका? डिलिव्हरी, व्हेंडर, का इंटरव्ह्यू?"

"पदोन्नतीसाठी," श्रीनिवासराव म्हणाले.

त्या गड्यानं टॅबवर पदोन्नती शोधली. नव्हती. त्यानं जवळात जवळचं बटण दाबलं, आणि दोघांच्या गळ्यात 'कँडिडेट' असे बिल्ले पडले.

तिथून त्यांना एका थंडगार हॉलमध्ये नेलं. तिथे विशीतली पोरं फायली घेऊन ओठ हलवत बसली होती. एचआरची अपेक्षा नावाची मुलगी धावपळीत होती, तिनं कागदावरून मान वर न काढता विचारलं, "कोणत्या रोलसाठी?"

"टीम लीड," श्रीनिवासराव म्हणाले. हे त्यांना नक्की ठाऊक होतं.

"एक्सपीरिअन्स?"

"सदतीस वर्षं."

अपेक्षानं मान वर काढली. पण कंपनीनं तिला वयावरून, लिंगावरून आणि जातीवरून कोणाशीही वेगळं वागायचं नाही, असं प्रशिक्षण दिलेलं होतं. ती ज्ञानदेवांकडे वळली. "आणि सर, आपला नोटीस पिरिअड?"

"म्हंजी?"

"म्हणजे, बोलावणं आल्यावर किती दिवसांत सुटता येईल?"

ज्ञानदेवांनी वर पाहून हात जोडले. "ते काय आपल्या हातात हाय का, ताई?"

तिनं दोघांना तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. मुलाखती उजवीकडे होत्या. श्रीनिवासराव डावीकडे वळले, कारण डावीकडे काचेच्या केबिनमध्ये त्यांना अस्मिताची पाठ दिसली.

समोर गंधार बसला होता. अस्मिता शांतपणे बोलत होती, मध्येच बोटानं टेबलावर काहीतरी मोजून दाखवत होती. गंधार पुढे झुकून ऐकत होता. मान डोलावत होता. कालच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरची अस्मिता ती हीच, असं वाटत नव्हतं. कोणीही शहाणा माणूस ते पाहून आल्या पावली परत गेला असता.

श्रीनिवासरावांना वाटलं, तिची मान किंचित खाली आहे. त्यांनी काचेपलीकडून 'मान वर, मान वर' अशी खूण केली. हातात डबा होता, तो त्या खुणेबरोबर वरखाली झाला. ज्ञानदेवांनी इकडेतिकडे पाहिलं, केबिनच्या दाराशी चपला काढल्या, आणि जमिनीवर मांडी घातली. "गालिचा बरा हाय," ते म्हणाले. "बसा, साहेब. आता उठायचं न्हाई."

गंधारची नजर अस्मिताच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली. अस्मितानं वळून पाहिलं. काचेपलीकडे सासरे, त्यांच्या गळ्यात उमेदवाराचा बिल्ला, हातात वर धरलेला तिचा डबा, आणि त्यांच्या पायाशी काळभोरकाका धरणं धरून. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हाही ते सगळं तिथेच होतं.

गंधार मात्र वाकबगार गडी. तो लगेच बाहेर आला, दोघांच्या पाया पडला, हाताला धरून ज्ञानदेवांना उठवलं. "काका, अहो खाली काय! आत या. अस्मिता, तू बोलली नाहीस घरचे येणारेत म्हणून!" कॉफी आली. बिस्किटं आली. गंधार श्रीनिवासरावांच्या समोर बसला आणि म्हणाला, "काका, खरं सांगतो, अस्मिता म्हणजे आमचा आधारस्तंभ आहे. किती वर्षं नोकरी केलीत तुम्ही? सदतीस? बापरे. आमच्या पिढीला नाही जमायचं. तुम्हाला तर माहीतच आहे, संस्था चालवायची म्हणजे काय काय सांभाळावं लागतं. बजेट. वरच्यांची मंजुरी."

"अहो, मला सांगताय!" श्रीनिवासराव फुलून म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांच्या नोकरीबद्दल कोणी आपणहून विचारलं नव्हतं. "वरून मंजुरी आल्याशिवाय पान हलत नाही."

"एक्झॅक्टली! म्हणून म्हणतो, यंदा थोडं कठीण आहे."

"असणारच. मी समजू शकतो."

"बाबा," अस्मिता म्हणाली.

"थांब गं, मोठी माणसं बोलतायत. हे बघा गंधारसाहेब, आमचं काही घाईचं म्हणणं नाही. तुमचंही बरोबर आहे. आज ना उद्या न्याय होईलच."

"थँक यू, काका. घरच्यांचा असा सपोर्ट असला की आम्हालापण बळ येतं," गंधार म्हणाला, आणि अस्मिताकडे वळून हसला. "मग ठरलं. नेक्स्ट सायकल. काकांनासुद्धा पटलंय."

निघताना दोघांना कंपनीच्या नावाची एकेक टोपी मिळाली. परतीच्या बसमध्ये ज्ञानदेव टोपी मांडीवर ठेवून बसले. हडपसरचा गाडीतळ मागे पडल्यावर म्हणाले, "साहेब, आपुन बसलो हुतो ते बरं हुतं. तुमी बोलायला नगं हुतं."

घरी मंदाकिनीबाईंनी दार उघडलं आणि नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"टोपी कोणी घातली?"

"गंधारनं. माणूस फार चांगला आहे हो."

"दिसतंय ते."

संध्याकाळी अस्मिता आली, हात धुतले, पानावर बसली. मग ती म्हणाली, "बाबा, तो 'हो' म्हणायच्या बेतात होता. 'वरच्यांना आजच पाठवतो' हे शब्द त्याच्या तोंडातून निघाले होते, तेवढ्यात त्याला डबा दिसला." ती रडली नाही, ओरडली नाही. पोळी मोडत राहिली. श्रीनिवासरावांच्या मनाला ते फार लागलं. एवढं उन्हातान्हात जायचं, दोन बस बदलायच्या, आणि वर हे ऐकायचं. घरात आपल्या धडपडीची किंमत नाही, असं ते दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर म्हणाले. उत्तरेश्वरांनी दुजोरा दिला. ज्ञानदेव उठून फिरायला गेले.

त्यानंतर अस्मितानं घरात या विषयावर चकार शब्द काढला नाही. समितीनं तिचा विषय स्थगित ठेवला. ती रोज लवकर जायची, उशिरा यायची. दोनदा शनिवारी साडी नेसून कुठेतरी जाऊन आली. आमोदला विचारलं तर म्हणाला, मैत्रिणीकडे गेली असेल. एप्रिल संपता संपता एका शुक्रवारी ती आली ती पर्स न ठेवताच स्वयंपाकघरात गेली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, झालं."

झालं होतं ते असं. तिनं खराडीच्या एका कंपनीत मुलाखती दिल्या होत्या. त्यांनी पद आणि पगार दोन्ही देऊ केलं. त्या दिवशी सकाळी ती गंधारच्या केबिनमध्ये गेली, दार लावून घेतलं, पडदा ओढून घेतला, आणि म्हणाली की मला संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. ज्या मंजुरीला वर्षानुवर्षं लागत होती, ती जेवणाच्या सुटीत आली. पद टीम लीडचं नव्हे, त्याच्याही वरचं. पगार खराडीपेक्षा जास्त.

श्रीनिवासरावांना हुंदकाच आला. ते तसेच खाली गेले, पेढे आणले, कट्ट्यावर वाटले. उत्तरेश्वरांनी फलकावर सूचना लावली : 'महिला पदोन्नती साहाय्य समितीच्या अथक प्रयत्नांना यश.' खाली चार सदस्यांची नावं. अस्मिताचं नाव घालायचं राहून गेलं, पण जागाही उरली नव्हती.

वर आल्यावर अस्मिता म्हणाली, "बाबा, एक राहिलंय. हे पद इंदूरचं आहे. नवीन सेंटर उभं करायचंय. दोन वर्षं."

पेढा आमोदच्या तोंडात होता. तो चावायचा थांबला.

"इंदूर?" श्रीनिवासराव म्हणाले. "आणि स्वराली?"

"तिथे शाळा आहेत, बाबा."

"आमोदचं?"

"आमोद घरूनच काम करतो. घर कुठेही असू शकतं."

"माझं सगळं सेटअप इथे आहे," आमोद म्हणाला. सेटअप म्हणजे एक टेबल आणि दोन स्क्रीन.

श्रीनिवासराव उठून येरझारा घालू लागले. आवाज शक्य तितका मऊ केला. "हे बघ अस्मिता, मी नाही म्हणत नाही. मी कधीच कोणाला नाही म्हणत नाही. तुझ्या बढतीसाठी मी हडपसरपर्यंत गेलेला माणूस आहे. फक्त विचार कर, एवढंच म्हणतो. घाई नको."

"बरोबर आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या पेढ्यांचा पुडा बांधून ठेवत होत्या. "तुम्ही नाही कधीच म्हणत नाही. माझी ऑफिसरची ऑर्डर आली होती परभणीची, तेव्हाही म्हणाला नव्हतात."

"अडवलं नव्हतंच मी तुला."

"नव्हतंच. आमोदचं कोण बघणार, एवढंच विचारलंत. आणि विचार कर म्हणालात. मी विचार करत बसले. बँकेनं ऑर्डर दुसऱ्याला दिली. मग निवृत्त होईपर्यंत त्याच काउंटरवर नोटा मोजत विचारच केला." त्यांनी पुड्याला गाठ मारली. "आता करून झालाय. अस्मिता, मी येते तुझ्याबरोबर. स्वरालीचं मी बघेन."

"आई, पण मग माझं—" आमोद म्हणाला.

"तू तटस्थ राहा."

श्रीनिवासरावांनी कपाळाला हात लावला. आपण तेव्हा साधा एक प्रश्न विचारला होता. प्रश्नानं का कोणी अडतं? त्यांना ते अगदी प्रामाणिकपणे कळत नव्हतं. त्यांनी समितीची तातडीची बैठक बोलावली. उत्तरेश्वर म्हणाले, बढती घ्यावी पण पुण्यातच घ्यावी. आमोदनं अनुमोदन दिलं. ज्ञानदेव बैठकीला आलेच नाहीत. ते स्वरालीला घेऊन खाली बसले होते आणि इंदूरला जत्रा कधी असते याची चौकशी करत होते.

मेअखेर तिघी गेल्या. निघताना मंदाकिनीबाईंनी काही सूचना दिल्या नाहीत, फ्रिजवर कागद चिकटवला नाही. याचंच श्रीनिवासरावांना जास्त वाईट वाटलं. पहिले काही आठवडे बापलेकांनी पोळीभाजी केंद्रावर काढले. पुढे आमोद भात लावायला शिकला, आणि त्याबद्दल त्याचं इतकं कौतुक झालं की जणू त्यानंच इंदूरचं सेंटर उभं केलं.

जुलैत एका सकाळी मंदाकिनीबाईंचा फोन आला. स्वराली शाळेत, अस्मिता ऑफिसात. मागे रिक्षांचा आवाज.

"अहो, माझे बँकेचे अनुभवाचे दाखले कपाटात खालच्या खणात आहेत. कुरिअर करा जरा."

"कशाला लागतायत?"

"इथे एक मराठी पतपेढी आहे. हिशेब बघायला माणूस हवं होतं. सकाळचे तीन तास. सोमवारपासून जातेय."

श्रीनिवासरावांचा ऊर भरून आला. पाठोपाठ काळजीही दाटली. चौसष्टाव्या वर्षी बायको परक्या गावात नोकरीला, आणि पगाराचं बोलायला एकटी. "अगं, पण पगाराचं काय? लोक फसवतात. नीट ठरवून घेतलंस का?"

"घेतलं."

"किती?"

"भरपूर आहे."

"बोलणी करायला बरोबर कोण होतं?"

"कोणीच नव्हतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "म्हणून तर चांगला ठरला."